गॅरेजात विमान: शेपटी झाली, पंख झाले, धड चालू आहे

उडाणटप्पू

गाड्यांच्या धाग्यावर मागे सहज लिहून गेलो होतो की आमची गाडी तीन हिवाळे बाहेर बर्फात उभी आहे, कारण गॅरेजात विमान आहे. त्यावर इतके व्यनि (खाजगी निरोप) आले की म्हटलं सरळ धागाच काढू.

आधी खुलासा. मी विमानातला इंजिनिअर नाही, डेटाबेसवाला आहे. ओहायोत राहतो, राइट बंधूंचं डेटन आमच्यापासून तासाभरावर. छोटी विमानं उडवायचा परवाना आहे. ड्रिल मशीन हाती धरायचा पूर्वानुभव म्हणजे पडद्यांचे रॉड. त्यातला एक पाहुण्यांच्या डोक्यात पडला.

विमान व्हॅन्स कंपनीचं, आरव्ही-९ए. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, सगळं अंग अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याचं, नाकाखाली चाक. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या गृहस्थांनी काढलेली ही ऑरेगनची कंपनी. त्यांची ११ हजारांच्या वर विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. तेव्हा मी काही जगावेगळं करत नाहीये. आमच्या कॉलनीपुरतं वेगळं आहे, एवढंच.

किट म्हटलं की लोकांना वाटतं, फर्निचरसारखं खोकं येतं आणि स्क्रू पिळले की झालं. येतात ते कापलेले, वाकवलेले आणि भोकं पाडलेले पत्रे, वजनावर मोजलेल्या रिव्हेटच्या (पत्रे कायमचे जोडणाऱ्या छोट्या खिळ्यांच्या) पुड्या आणि एक जाडजूड पुस्तक. मग प्रत्येक भोकाची आंघोळ. आधी तुकडे क्लेकोने जोडायचे (क्लेको म्हणजे स्प्रिंगवाली तात्पुरती पिन, छोट्या भोकाची चंदेरी, मोठ्याची तांबडी). भोकं शेवटच्या मापाला ड्रिल करायची, सगळं पुन्हा सुटं करायचं, प्रत्येक भोकाची आणि कडेची बर (ड्रिलने राहिलेली धारदार कड) काढायची, रिव्हेटचं डोकं पत्र्यात सपाट बसावं म्हणून डिंपल (खळगे) पाडायचे, प्रायमर मारायचा, पुन्हा जोडायचं आणि मग रिव्हेट. रिव्हेट दहा-पंधरा हजार. पहिले सहा महिने मी विमान बांधत नव्हतो, भोकं पुसत होतो.

सामान टप्प्याटप्प्याने घेता येतं: शेपटी, पंख, धड, मग उरलेलं. इंजिन, पंखा (प्रोपेलर), उपकरणं, रंग वेगळे. नवशिक्याच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी सोय. विमान बांधायचं की नाही हे ठरवायची गरजच नाही, शेपटी बांधायची की नाही एवढं ठरवा. मी त्याच्याही आधी सरावाचा छोटा तुकडा मागवला होता. तो इतका वेडावाकडा झाला की आता बायको त्यात कांदे ठेवते.

इथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलेलं हवं. म्हणून रोज फोटो आणि वही. माझ्या वहीत आजवर ११८० तास झालेत. कंपनी साधारण दीड ते दोन हजार तास सांगते. त्यात नुसतं पुस्तक उघडून खुर्चीत बसलेले तास धरत नाहीत. ते धरले तर मी केव्हाच उडायला हवा होतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला.

बाबा दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमधून रिटायर झाले. उभी हयात बसच्या बॉडीला अ‍ॅल्युमिनिअमचे पत्रे मारण्यात गेली. गेल्या उन्हाळ्यात ते आणि आई सहा महिन्यांसाठी इथे आले. पहिले चार दिवस गॅरेजकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. पाचव्या दिवशी मी आणि बायको डाव्या पंखाचा खालचा पत्रा मारत होतो, तर दारात येऊन उभे. दोन मिनिटं नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "डॉली कोण धरतंय?"

रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेच्या गनने डोक्यावर ठोके देतो, दुसरा आतल्या बाजूने पोलादी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं शेपूट चेपून पसरतं आणि आतलं डोकं तयार होतं. पुस्तकात त्या ठोकळ्याला बकिंग बार म्हणतात, बाबांच्या वर्कशॉपात डॉली. बायकोने आनंदाने हातातली डॉली त्यांच्याकडे दिली आणि ती जी घरात गेली ती गेलीच.

बाबा रिव्हेटला 'रिपीट' म्हणतात. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं निघालं. त्यांनी आत हात घालून आदल्या दिवशीच्या चेपलेल्या डोक्यांवर अंगठ्याचं नख फिरवायला सुरुवात केली. "हा बरा. हा झोपलाय. हा बरा. हा पण झोपलाय." झोपलाय म्हणजे डोकं एका अंगाला कललेलं. कानावरची पेन्सिल काढून ते पत्र्यावर फुली मारणार एवढ्यात मी हात धरला. अ‍ॅल्युमिनिअमवर शिसपेन्सिल चालत नाही, ग्राफाइटमुळे तिथे गंज धरतो, मार्करच वापरायचा. बाबांना चाळीस वर्षांत कुणी हे सांगितलं नव्हतं. मार्कर घेतला, पण तोंड वाकडं करून.

फुल्या झाल्या अकरा. मी गेज लावला. नियम असा: चेपलेलं डोकं रिव्हेटच्या दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच भरायला हवं. ३/३२ इंची रिव्हेटला म्हणजे साडेतीन मिलिमीटर रुंदी, सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर उंची. कललं किती तर चालतं, तेही ठरलेलं आहे. अकरापैकी सात पास झाले.

"हे पास आहेत बाबा."

"मग राहू दे की. तुझं विमान आहे."

हे वाक्य ज्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री जेवताना विषय नाही, सकाळी चहाला नाही. आईने मला विचारलं, "काय झालंय रे तुमचं?" काय सांगणार, सात रिव्हेट.

शेवटी चार नापासच काढले. काढायची पद्धत नाजूक. बाहेरच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल मारायचं, फक्त डोक्याच्या जाडीइतकं, मग पंचने डोकं मोडायचं आणि दांडा मागे ढकलायचा. तीन नीट निघाले. चौथ्याला ड्रिल घसरलं आणि भोक लंबगोल झालं. तिथे ऊप्स रिव्हेट घालावा लागला. हे खरंच त्याचं बाजारातलं नाव आहे: दांडा जाड, डोकं लहान, म्हणजे मोठं झालेलं भोक भरतं आणि डिंपलमध्येही बसतं. ते पाहून बाबा म्हणाले, "बाकीचे सात राहू देत."

मला विचाराल तर पहिल्यांदा बांधणाऱ्याने शिकायचं ते हेच. ड्रिल, गन वगैरे महिनाभरात हातात बसतं. पण रात्री अकरा वाजता, काम संपलंय, पाठ मोडलीये आणि दिवा बंद करताना एका डोक्यावर सावली जरा तिरकी पडलेली दिसते, तेव्हा काय करायचं? ते काढायचं, की हात न लावता ठेवायचं? दोन्हीकडे चूक होऊ शकते. आणि उत्तर द्यायला साहेब नाही, क्यूसी (तपासणीवाला) नाही. तूच कामगार, तूच इन्स्पेक्टर, आणि पुढे तूच पॅसेंजर.

टाक्यांचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. ते प्रकरण वेगळंच आहे.

---

भोचक_भवानी

वाचताना चहा थंड झाला. दोन प्रश्न. १) खर्च किती? गोल गोल नको, आकडा सांगा. २) वहिनी काय म्हणतात? हेही गोल गोल नको.

---

उडाणटप्पू

१) आजवर हत्यारं धरून ४५ हजार डॉलर. इंजिन, पंखा, उपकरणं, रंग बाकी. सगळं मिळून सव्वा ते दीड लाखात जाईल. नुसतं उडायचं असेल तर जुनं सेसना घेणं शहाणपणाचं, हे मी स्वतः सांगतो. पैसे वाचवायला कुणी विमान बांधू नये.

२) तिची अट एकच: टीव्हीच्या खोलीत काही आणायचं नाही. सध्या तिथे रडर (शेपटीचा हलणारा उभा भाग) आहे. बोलणी चालू आहेत.

---

तिरकस

तीन वर्षं? आमच्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर उडवलं होतं म्हणतात, तेही बिनरिव्हेटचं. तुम्ही राइट बंधूंच्या गावाजवळ राहून पक्ष बदललेला दिसतोय.

---

एएमई_ओझर

तिरकस, त्या गोष्टीचा त्या काळचा पुरावा कुणाला मिळालेला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ मध्येच तपासून लिहून ठेवलंय. तळपद्यांबद्दल आदर आहे, पण धागा तिकडे नेऊ नका.

राइट बंधूंचाच विषय निघालाय तर चार्ली टेलरचं नाव घ्या. त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक. १९०३ च्या विमानाचं इंजिन त्याने दुकानातल्या लेथवर साधारण सहा आठवड्यांत बनवलं. १२ हॉर्सपॉवर. २४ मे हा त्याचा जन्मदिवस, अमेरिकेत मेंटेनन्सवाल्यांचा दिवस म्हणून पाळतात. फोटो मात्र नेहमी दोघा भावांचाच छापतात. असो, आम्हा मेंटेनन्सवाल्यांना सवय आहे.

उडाणटप्पू, तुमच्या वडिलांचं नख आणि तुमचा गेज, दोन्ही बरोबर. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिलं वर्ष तो सगळेच रिव्हेट काढत सुटतो. भोक एकदा मोठं झालं की ते परत लहान होत नाही. काठावर पास असलेला रिव्हेट हा लंबगोल भोकातल्या देखण्या रिव्हेटपेक्षा चांगला. पण एक सांगतो: एकाच ओळीत झोपलेले चार रिव्हेट म्हणजे रिव्हेटचा दोष नाही, माणूस त्या कोपऱ्यात अवघडून बसला होता. आधी बसायची जागा बदला.

आणि नट-बोल्टला टॉर्क रेंच (किती जोराने पिळलं ते दाखवणारा पाना). अंदाज चालत नाही. एएन-३ या छोट्या बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, बस. हाताच्या ताकदीवर जाणारा माणूस हमखास जास्त पिळतो. टॉर्क झाला की लगेच रंगाची रेघ ओढायची (हा नट पिळून झाला याची खूण), नंतर नाही. 'नंतर ओढतो' म्हणून राहिलेला नट मी पाहिलाय.

---

टेक्सासचा_तात्या

मी झेनिथ कंपनीचं सीएच ७५० हे किटचं विमान बांधलं, दोन वर्षं झाली उडवतोय. त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. तुमचे ते ठोकायचे रिव्हेट, डॉली, शेजाऱ्यांच्या शिव्या, हे सगळं लागतंच असं नाही. झेनिथला पुल रिव्हेट असतात. एका बाजूने घालायचा, गन दाबली की खट्. एकटा माणूस करतो. माझ्या बायकोने एकही डॉली धरलेली नाही आणि आमचा संसार सुखाचा आहे.

नवीन माणसाने मिसुरीतल्या मेक्सिको गावी जावं (हो, गावाचं नाव मेक्सिको). तिथे कंपनी दोन दिवसांची कार्यशाळा घेते, त्यात स्वतःचं रडर बांधून घरी नेता येतं. दोन दिवसांत कळतं, हे आपलं काम आहे की नाही. २०१४ मध्ये ऑशकॉशच्या विमानांच्या मेळाव्यात तर एका आठवड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून एकेक रिव्हेट मारून घेत अख्खं झेनिथ उभं केलं होतं.

---

उडाणटप्पू

तात्या, मान्य. वेग मला जास्त हवा होता, तुम्हाला शेतात उतरायचं होतं. कुठे जायचंय यावर वाहन ठरतं. पण 'खट्'मध्ये ती मजा नाही हो.

---

टेक्सासचा_तात्या

मजा उडण्यात आहे. आठवड्याला दोनदा घेतो.

---

उडाणटप्पू

हे लागलं.

बरं, टाक्या. आमच्या विमानात पेट्रोल पंखातच, पुढच्या कडेला, दोन्हीकडे १८-१८ गॅलन. टाकी म्हणजे रिव्हेट मारलेला पत्राच, फक्त प्रत्येक सांध्यात आणि प्रत्येक रिव्हेटखाली सीलंट. याला सगळे प्रोसील म्हणतात. दोन डबे: एक मलईसारखा, एक काळा. वजनाने दहाला एक मिसळायचं. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा चोरला. नंतर नवा आणून द्यावा लागला, कारण प्रोसील ज्याला लागतं त्याचंच होऊन राहतं. वास कुजक्या अंड्याचा. मिश्रण झालं की घड्याळ सुरू, दोनेक तासांत काम उरकायचं. तीस जोड्या हातमोजे गेले. दर दहा मिनिटांनी बदलायचे, नाहीतर तो काळा डाग दाराच्या मुठीवर, फोनवर, कानावर. माझ्या कानावर आठ दिवस होता, ऑफिसात लोक काळजीने विचारत होते.

मी हे नोव्हेंबरात केलं, ती चूक. थंडीत ते सुकतच नाही. तीन आठवडे बोट लावलं की चिकट. शेवटी गॅरेजात हीटर लावून बसवलं.

मग परीक्षा. टाकीची सगळी तोंडं बंद, एका नळीला फुगा, आणि जेमतेम फुगा उभा राहील एवढीच हवा. कॉम्प्रेसर लावायचा नाही, टाकी फुगून खराब होते. वर साबणाचं पाणी. उजवी टाकी पहिल्या फटक्यात पास. डावीत मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक बुडबुडा. अगदी मोहरीएवढा. फुटायचा, पुन्हा यायचा.

---

केंटकर

आमच्या इंग्लंडात जरा वेगळं आहे. लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा इन्स्पेक्टर प्रत्येक टप्प्यावर येऊन पाहतो आणि सही करतो. टाकी बंद करायच्या आधी आतून पाहिली नाही तर पुढे जाता येत नाही. सुरुवातीला जाच वाटतो. पण उडाणटप्पू म्हणतात ते 'रात्री अकराचं' ओझं निम्मं होतं. अमेरिकेत शेवटी एकदाच तपासतात ना?

इथेच राहणारे, मूळ केरळचे इंजिनिअर अशोक थामराक्षन यांनी लॉकडाउनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग कंपनीचं चार सीटांचं किट बांधलं आणि २०२२ मध्ये बायको-मुलींना घेऊन युरोप फिरले, ते आठवत असेल. ती बातमी आमच्या घरात सगळ्यांनी वाचली. तेव्हापासून मी गॅरेजात जायला उठलो की पोरगी विचारते, आपण कधी जायचं?

---

उडाणटप्पू

सरकारी तपासणी शेवटी एकदाच, बरोबर. पण ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेचे टेक्निकल कौन्सिलर असतात, अनुभवी बांधणारे, बोलावलं की येऊन बघतात, फुकट. आमचे दोनदा येऊन गेलेत. दुसऱ्या खेपेला ते अर्धा तास काही न बोलता टॉर्च मारत फिरले, तो अर्धा तास माझ्या दहावीच्या निकालापेक्षा लांब होता.

---

पिंपळगावचा_पोरगा

सर, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भारतात असं घरी बांधता येईल का? अमोल यादव सरांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलं ना?

---

एएमई_ओझर

बांधलं, पण ते किट नव्हतं हे लक्षात घे. कॅप्टन यादवांनी डिझाइनही स्वतः केलं, सहा सीटांचं. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधून खाली उतरवलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं. नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि उडवायची परवानगी २०१९ मध्ये. पेशाने वैमानिक असलेल्या माणसाला एवढी वर्षं लागली, यावरून काय ते समज. पत्रा मारायला जेवढा धीर लागतो, तेवढाच कागदाला. तू आधी एएमईचा (विमानांची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरचा) कोर्स बघ किंवा कॉलेजात रेडिओ कंट्रोलचं छोटं विमान बांध. हात बसेल.

---

भोचक_भवानी

सगळे रिव्हेटवर बोलताहेत, पण पडण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. धोका किती आहे?

---

टेक्सासचा_तात्या

रास्त प्रश्न. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणारं सरकारी मंडळ) २०१२ मध्ये अभ्यास केला होता. घरी बांधलेली विमानं छोट्या विमानांच्या ताफ्यात १० टक्क्यांच्या आसपास, पण २०११ मधल्या अपघातांत १५ टक्के आणि जीव गेलेल्या अपघातांत २१ टक्के. म्हणजे धोका जास्त आहेच, नाही म्हणून चालणार नाही. मुख्य कारणं इंजिन बंद पडणं आणि वैमानिकाचा ताबा जाणं. म्हणजे पंख गळून पडत नाहीत हो. रिव्हेटची चिंता सगळे करतात, पेट्रोलच्या नळीची करत नाहीत.

म्हणून सुरुवातीचे तास सहसा एकट्याने, ठरलेल्या परिसरातच उडवायचं असतं. माझ्या इंजिनाला ४० तास लागले, इंजिन-पंख्याच्या काही जोड्यांना २५. त्यात प्रवासी नाही. आणि एक कबुली देतो: माझ्या विमानाचं पहिलं उड्डाण मी केलं नाही. दोन वर्षं बांधण्याच्या नादात माझं स्वतःचं उडणं जवळजवळ बंद होतं, हात गंजला होता. ज्याला झेनिथचा सराव होता अशा मित्राला बसवलं. मी धावपट्टीच्या कडेला कुंपण धरून उभा. वीस मिनिटांनी तो उतरला आणि म्हणाला, डावीकडे जरा ओढतंय. माझ्या अहंकाराला त्या दिवशी फार लागलं. आज विचाराल तर तेवढा एकच निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला होता. उडाणटप्पू, तुम्ही या वर्षी किती तास उडालात?

---

उडाणटप्पू

चार.

---

टेक्सासचा_तात्या

शनिवारी गॅरेजला कुलूप लावा आणि विमानतळावर जा.

---

तिरकस

माझी थट्टा मागे घेतो. त्या बुडबुड्याचं काय झालं ते मात्र सांगा. तीन दिवस डोक्यातून जात नाहीये.

---

उडाणटप्पू

बाबा तोवर परत गेले होते. व्हिडिओ कॉल लावून फोन टाकीपाशी धरला. त्यांनी चष्मा बदलला, म्हणाले, "तो सांध्यातून नाही येत, रिपीटातून येतोय. डावीकडून तिसरा." मला ते पटलं नव्हतं. तिसऱ्यावर बोट दाबून धरलं तर बुडबुडा थांबला. मग बाहेरून थोडं जुनं प्रोसील काढून, स्वच्छ पुसून, पुन्हा प्रोसील. या वेळी हीटर लावून.

काल रात्री फुगा बांधलाय. सकाळी ऑफिसला निघताना पाहिला तर उभा होता, पण आज गारठा वाढलाय, त्यामुळे फुगा जरा मऊ वाटला तरी लगेच घाबरायचं नाही असं स्वतःला सांगतोय. संध्याकाळी घरी गेलो की लिहितो.